चौसष्ट नव्हे, अठ्ठावीस घरं: बुद्धिबळाचं थंबनेल कसं बनवावं

फोनवरच्या यादीत थंबनेलला, म्हणजे लेखाच्या किंवा व्हिडिओच्या शीर्षकाशेजारच्या छोट्या चित्राला, साधारण १६० बाय ९० पिक्सेलची जागा मिळते. तेवढ्यात अख्खा पट बसवला की एका घराच्या वाट्याला ११ पिक्सेल येतात आणि मग उंट कोणता, प्यादं कोणतं हे मुरलेल्या खेळाडूलाही सांगता येत नाही. बुद्धिबळाच्या लेखांची आणि व्हिडिओंची बरीचशी थंबनेलं इथेच फसतात. डाव चांगला असतो, स्थिती अचूक असते, पण दिसतं ते एक तपकिरी जाळं. मग ते उठून दिसावं म्हणून त्यावर लाल बाण, पिवळी वर्तुळं, ज्वाळा आणि जाडजूड अक्षरं चढवली जातात आणि चित्र आणखी गिचमिड होतं.

काम करणाऱ्या थंबनेलमध्ये पटावरचा एकच क्षण असतो. तो पाहिल्याबरोबर खेळणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न यायला हवा: ही खेळी का केली? रंग, अक्षरं, बाण या सगळ्यांचं काम तो प्रश्न लवकर दिसावा एवढंच.

क्षण कोणता घ्यायचा

सगळ्यांच्या ओळखीचा डाव घेऊ. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फी एकटा आणि समोर ब्रन्सविकचे ड्यूक व काउंट इझुआर मिळून खेळले. सोळाव्या खेळीला मॉर्फीने वजीर बी८ वर (बी ही उभी पट्टी, ८ ही आडवी) नेऊन शह दिला. काळ्याकडे उत्तर एकच, डी७ वरच्या घोड्याने वजीर मारणं. घोडा हलताच डी पट्टी मोकळी झाली, हत्ती डी८ वर आला आणि मात.

यातून तीन चित्रं निघतात. पहिलं वजीर बी३ वर असतानाचं. तिथे सगळी तयारी झालेली आहे, पण नजरेला काहीच घडताना दिसत नाही. तिसरं मात झाल्यानंतरचं. त्यात उत्तर आधीच सांगून टाकलंय, मग लेख उघडायचा कशाला? मधलं चित्र घ्या: पांढरा वजीर काळ्याच्या शेवटच्या पट्टीवर एकटा, घोड्याच्या माऱ्यात. नियम एवढाच की बलिदान दिलेलं असावं, पण अजून स्वीकारलेलं नसावं.

कोड्याच्या लेखात मात्र खेळीच्या आधीची स्थिती द्यावी लागते, नाहीतर कोडं उरतच नाही. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांच्या, लेखांची अडचण वेगळी आहे. चार-पाच खेळ्यांनंतरचे सगळे पट लहान आकारात सारखेच दिसतात. तिथे त्या ओपनिंगची ओळख पटवणारी प्याद्यांची रचना तेवढी कापून घ्यावी. सिसिलियन ड्रॅगन असेल तर डी६, ई७, एफ७, जी६, एच७ ही प्यादी आणि त्यांच्या कुशीतला जी७ चा उंट. लंडन असेल तर सी३, डी४, ई३ चा त्रिकोण आणि एफ४ चा उंट. ज्याला ती ओपनिंग येते तो एवढ्यावरून ओळखतो, आणि लेखही त्याच्यासाठीच असतो.

कापायचं कुठे

यूट्यूबचं थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचं, म्हणजे १६:९ प्रमाणातलं असतं. पट चौरस असल्याने तो पूर्ण टाकला की दोन्ही बाजूंना मोठ्या रिकाम्या जागा उरतात आणि त्या भरायची खटपट सुरू होते. त्यापेक्षा पटाचा सात घरं रुंद आणि चार घरं उंच तुकडा घ्या. सातास चार हे प्रमाण १.७५ येतं आणि १६:९ चं १.७८, म्हणजे जवळजवळ तेच. घराची बाजू १८३ पिक्सेल ठेवली की रुंदी १२८१ आणि उंची ७३२ होते. वरून-खालून सहा-सहा पिक्सेल कापले की चौकट अचूक भरते.

मॉर्फीच्या डावात बी ते एच या उभ्या पट्ट्या आणि ५ ते ८ या आडव्या पट्ट्या घ्या. पूर्ण पटावर त्या वेळी २१ मोहरी आहेत, या तुकड्यात ११ येतात आणि गोष्टीला लागणारी जवळपास सगळी त्यात आहेत: बी८ वर पांढरा वजीर, ई८ वर काळा राजा, डी७ वर घोडा, ई६ वर काळा वजीर, जी५ वर पांढरा उंट. डी१ चा हत्ती बाहेर राहतो आणि ते चांगलंच आहे. मात कुठून येणार हे त्याच्यामुळेच कळलं असतं. फोनवर आता एका घराला २२-२३ पिक्सेल मिळतात, म्हणजे आधीच्या दुप्पट.

आणखी दोन गोष्टी इथे जुळून येतात. पांढरा वजीर काळ्या घरात आहे, तर काळा राजा, घोडा आणि काळा वजीर तिघेही पांढऱ्या घरांत, त्यामुळे मुख्य मोहरी आपोआप उठून दिसतात. उलट स्थितीत, म्हणजे मुख्य मोहरं आपल्याच रंगाच्या घरात असेल तर त्याच्या घराचा रंग बदलून घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे उजवा खालचा कोपरा. यूट्यूब तिथे व्हिडिओची लांबी दाखवतं आणि इथे त्याखाली एच५ चं रिकामं घर येतं. तुमच्या तुकड्यात त्या कोपऱ्यात महत्त्वाचं मोहरं येत असेल तर तुकडा एक पट्टी सरकवा.

काळ्याने केलेली खेळी दाखवायची असेल तर पट फिरवून काळ्याच्या बाजूने घ्या. वाचकाने जिंकणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहावं.

पट तयार करणं

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर डावाचा पीजीएन, म्हणजे खेळ्यांची लिखित नोंद, टाकून हव्या त्या खेळीपर्यंत जा आणि स्क्रीनशॉट घ्या, हा सोपा मार्ग. त्यातली चूक अशी होते: लॅपटॉपच्या पडद्यावर पट ६०० पिक्सेलचा असतो, म्हणजे घर ७५ चं. ते ताणून १८३ केलं की मोहऱ्यांच्या कडा धुरकट होतात. म्हणून आधी पटाचा कोपरा ओढून तो मोठा करा, ब्राउझरही मोठा करा, मग स्क्रीनशॉट घ्या.

नियमित थंबनेलं करायची असतील तर एकदाच मेहनत घेऊन इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १८३ पिक्सेलच्या २८ घरांची चौकट आखून ठेवावी. मोहरी एसव्हीजी स्वरूपातली घ्यावीत, ती कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत. विकिमीडिया कॉमन्सवर असे संच मिळतात. प्रत्येकाचा परवाना वाचून, श्रेय मागितलं असेल तर लेखाखाली द्यावं. मोहरं घराच्या साधारण ८५ टक्के उंचीचं ठेवा. संकेतस्थळांवर ते थोडं लहान असतं, कारण तिथे खेळायचं असतं. इथे फक्त ओळखायचं आहे.

लिचेसच्या नेहमीच्या तपकिरी पटाचे रंग लाल-हिरवा-निळा या क्रमाने २४०, २१७, १८१ आणि १८१, १३६, ९९ असे आहेत. तासन्‌तास खेळताना हे सौम्य रंग डोळ्यांना बरे वाटतात, पण थंबनेलमध्ये ते मिळमिळीत दिसतात. गडद घर आणखी गडद करा, १२०, ८०, ५० च्या आसपास, म्हणजे पांढरी मोहरी त्यावर झळकतात. काळ्या मोहऱ्यांना दोन-तीन पिक्सेलची फिकट कड द्या, नाहीतर गडद घरात ती बुडतात. एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती नेमके असेच बुडतात.

कडेचे आकडे आणि अक्षरं काढून टाका. लहान आकारात ती धुळीसारखी दिसतात, आणि ज्याला घराचं नाव हवं त्याला ते लेखात मिळेल.

बाण आणि रंगवलेलं घर

नुकतीच झालेली खेळी दाखवायला बाणाची गरज नसते. बी८ चं घर पिवळं केलं की पुरतं. बाण हवाच असेल तर एक. आपल्या उदाहरणात तो डी७ वरून बी८ ला, घोड्याच्या उडीचा. प्रश्न त्याच जागी आहे: वजीर असा मारू कसा दिला? बाणाची जाडी घराच्या पाचव्या हिश्शाएवढी, सुमारे ३५ पिक्सेल, आणि तो मोहऱ्याच्या मध्यापासून नाही तर कडेपासून सुरू व्हावा. लिचेसवर उजवं बटण दाबून ओढलं की हिरवा बाण येतो, शिफ्ट दाबून लाल, आल्ट दाबून निळा. मात्र ते बाण अर्धपारदर्शक असल्याने थंबनेलमध्ये फिके पडतात. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पुन्हा ठळक काढावे लागतात.

एका बाणाचा नियम मोडावा असे डाव आहेत. १९१२ साली ब्रेस्लाऊमध्ये लेविट्स्कीविरुद्ध फ्रँक मार्शलने वजीर जी३ वर ठेवला. तिथे त्याला एफ२ चं प्यादं, एच२ चं प्यादं आणि जी५ चा वजीर, तिघेही मारू शकतात. इथे तीन बाण एकाच घरावर येऊन मिळतात आणि तोच प्रश्न आहे. तीन बाण तीन दिशांना गेले असते तर गोंधळ झाला असता.

मराठी अक्षरं

बहुतेक मार्गदर्शन रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं आणि ते देवनागरीला जसंच्या तसं लावलं की अक्षरं बिघडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. अक्षरं आडवी दाबून अरुंदही करू नका, वेलांट्या आणि मात्रा एकमेकींवर चढतात. जाड बाह्यरेषा देताना ‘भ’, ‘क’, ‘ख’ यांची पोकळी बुजते. १७० पिक्सेलच्या टंकाला (फॉन्टला) ६ पिक्सेलची कड पुष्कळ झाली. त्याहून जास्त ठळकपणा हवा असेल तर मागे सपाट पट्टी टाका.

टंक युनिकोड हवा. जुन्या बिगर-युनिकोड टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की भलतीच अक्षरं दिसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक बनवणाऱ्या गटाने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. थंबनेलसाठी मुक्ताचं सर्वांत जाड वजन किंवा बलूचं ठळक वजन घ्या. फोटोशॉपमध्ये ‘प्यादं’चा ‘प्य’ सुटा पडत असेल किंवा पहिली वेलांटी अक्षरानंतर येत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी मांडणी निवडा. जोडाक्षर तुटलेलं थंबनेल कितीही सुंदर असलं तरी मराठी वाचकाला ते पहिल्या नजरेत खटकतं.

शब्द दोन, फार तर तीन. शीर्षक शेजारी छापलेलं असतंच, ते चित्रात पुन्हा लिहू नका. आपल्या उदाहरणात ‘वजीर फुकट?’ एवढंच. जागाही तयार आहे: बी, सी, डी या पट्ट्यांवर ५ आणि ६ या रांगांतली सहा घरं रिकामी आहेत, ५४९ बाय ३६६ पिक्सेल. चौकड्यांवर थेट लिहिलेली अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून तेवढ्या भागावर गडद सपाट पट्टी टाकून फिकट पिवळ्यात लिहा. दोन्ही रंगांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा. तो मोजणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात.

दोन ओळींतलं अंतर देवनागरीत सहसा टंकाच्या १.३ पट ठेवावं लागतं, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा भिडतात. इथे शब्दांनीच सोय केली आहे. ‘वजीर’ला खाली काही लोंबत नाही आणि ‘फुकट’ला वर काही चढत नाही, त्यामुळे १.१ पट अंतर चालतं आणि १७० पिक्सेलचा टंक दोन रांगांत मावतो. चौकट आठ पट लहान झाली तरी अक्षर १२-१३ पिक्सेलचं उरतं आणि वाचता येतं. शब्द निवडताना हे पाहणं फायद्याचं असतं. ‘अविश्वसनीय’ लिहायचं तर टंक निम्म्यावर आणावा लागेल, शिवाय त्या शब्दातून पटाबद्दल काही कळत नाही.

जी खेळी खरोखर अफलातून नाही तिला दोन उद्गारचिन्हं लावू नयेत. बुद्धिबळात त्या चिन्हांना ‘अफलातून खेळी’ हा ठरलेला अर्थ आहे आणि वाचक तो गंभीरपणे घेतो.

पट की चेहरा

काही क्षण पटावर दिसतच नाहीत. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेनने ५५ वी खेळी हत्ती एफ२ अशी केली. गुकेशने हत्तींची आणि मग उंटांची मारामारी करून एका जादा प्याद्यावर डाव जिंकला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्याला पळायला दुसरा कर्णच नव्हता. समजून घेतलं तर ही विलक्षण गोष्ट आहे, पण थंबनेलमध्ये ती एक राजा, एक हत्ती आणि बरीच रिकामी घरं एवढीच दिसेल. अशा अंतिम पर्वाला चेहरा हवा. डाव संपल्यावर गुकेशला अश्रू आवरले नव्हते, त्या चेहऱ्यात सगळं येतं. २०२५ च्या जुलैमध्ये बटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्या बातमीलाही पटापेक्षा चेहराच न्याय देतो.

चेहरा वापरताना तो चौकटीच्या उंचीच्या निदान अर्धा असावा आणि नजर चौकटीच्या आत, पटाच्या किंवा अक्षरांच्या दिशेने जावी. ती बाहेर जात असेल तर खेळाडू डावीकडून उजवीकडे हलवा. छायाचित्र उलटं करू नका. शर्टावरची नावं आणि झेंडे उलटे होतात, पटावरचे राजा-वजीरही जागा बदलतात आणि जाणकाराला ते लगेच कळतं. छायाचित्र त्याच डावाचं हवं. दुसऱ्याच फेरीतला डोकं धरून बसलेला चेहरा या पराभवाला चिकटवणं हा खेळाडूवर अन्याय आहे. आणि छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराचा किंवा संयोजकांचा असतो. वापराच्या अटी वाचल्याशिवाय घेऊ नये.

खऱ्या पटाचं छायाचित्र स्वतः काढायचं असेल तर लाकडी, चमक नसलेली मोहरी घ्या. स्पर्धेच्या मापाचा राजा साधारण ९.५ सेंटिमीटर उंच असतो आणि घर ५ ते ६ सेंटिमीटरचं. या प्रमाणातला संच नीट दिसतो. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या, डोक्यावरची ट्यूब बंद करा. कॅमेरा राजाच्या मुकुटाच्या किंचित वर धरला की मोहरी उंच दिसतात, पण एकमेकांआडही जातात, म्हणून चौकटीत तीन-चारच ठेवा.

जाणकार जिथे थांबतो

उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं. विकत घेतलेल्या छायाचित्रांत पट आडवा ठेवलेला असणं फार सामान्य आहे. सुरुवातीच्या मांडणीत वजीर आपल्या रंगाच्या घरात हवा. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या पटांवर सात किंवा नऊ पट्ट्या, एकाच रंगाचे दोन राजे, दोन पांढरी घरं शेजारी असं काहीही येतं. पार्श्वभूमी त्यातून घ्या हवं तर, पट घेऊ नका. स्थिती हाताने मांडली असेल तर डावाच्या पीजीएनशी पडताळून पाहा. एक प्यादं चुकीच्या घरात असलं तरी प्रतिक्रियांत त्याचीच चर्चा होते, डावाची नाही.

लिंकच्या चौकटीसाठी

लेखाची लिंक व्हॉट्सअॅपवर किंवा फेसबुकवर गेली की चित्र १२०० बाय ६३० च्या चौकटीतून घेतलं जातं, आणि बरेचदा त्यातला मधला चौरसच दिसतो. यूट्यूबसाठी केलेला तुकडा तिथे तसाच टाकला तर घर सुमारे १७१ पिक्सेलचं होतं, मधला चौरस २८५ पासून ९१५ पर्यंत असतो आणि बी पट्टी त्याच्या पूर्ण बाहेर जाते. म्हणजे ज्या वजीरासाठी सगळं केलं तोच गायब.

यासाठी वेगळी चौकट करा. घर १५० पिक्सेलचं. डावीकडे १५० ची सपाट रंगाची पट्टी, मग ए ते जी या सात पट्ट्या, एकूण १२००. उंचीत चार घरांचे ६०० आणि वर-खाली १५-१५ चा काठ. आता बी ते ई ही चार पट्ट्यांची घरं ३०० ते ९०० मध्ये येतात, म्हणजे मधल्या चौरसात वजीर, घोडा, राजा, काळा वजीर आणि अक्षरं पूर्ण राहतात. टंक त्याच प्रमाणात १४० वर आणा. एच८ चा हत्ती आणि एच७ चं प्यादं गेलं तरी चालतं.

सपाट रंगांचा पट पीएनजीत जतन करा, छायाचित्र असेल तर जेपीजीत. लिंकचं चित्र ३०० केबीच्या आत ठेवलेलं बरं, जड चित्र कधी कधी येतच नाही. जतन करण्याआधी ते १६० पिक्सेल रुंदीला आणून हात लांब करून पाहा, मग रंग काढून करड्या छटांत पाहा. करड्यात वजीर हरवला तर फरक फक्त रंगाचा होता, उजेडाचा नव्हता. फोनच्या गडद आणि उजळ दोन्ही मांडण्यांत बघा. गडदमध्ये काळा काठ नाहीसा होतो.

आणि लिंक गटात टाकण्याआधी ती स्वतःलाच पाठवून पाहा. एकदा चुकीचं चित्र उचललं गेलं की ते साठवून ठेवलं जातं आणि नवीन चढवलं तरी जुनंच दिसत राहतं. फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून पुन्हा वाचायला लावली की तिथलं चित्र बदलतं. व्हॉट्सअॅपवर मात्र आधीच गेलेल्या संदेशातलं चित्र तसंच राहतं. चित्राच्या फाइलचं नाव बदलून, लिंक नव्याने पाठवावी लागते.